बावीस बाटल्यांची यादी

(हा पत्रव्यवहार नोव्हेंबर २०२२ मधला, तेव्हाच्या टंचाईतला.)

पत्र : मी ९ डिसेंबरला मुलीकडे कॅनडाला निघाले आहे. ती टोरोंटोजवळ मिसिसागाला असते. नातू चार वर्षांचा, नात नऊ महिन्यांची; ऑक्टोबरपासून दोघंही आलटूनपालटून आजारी. तिकडे मुलांचं तापाचं औषधच मिळत नाही, रिकाम्या फडताळांचे फोटो ती पाठवते. ‘आई, येताना क्रोसिन आण’ इथून सुरुवात झाली, मग तिच्या मराठी मैत्रिणींच्या ग्रुपने यादी पाठवली. आता तापाच्या बावीस बाटल्या, अमॉक्सिसिलिनचं ड्राय सिरप, खोकल्याचं औषध आणि नेब्युलायझरमध्ये घालायच्या रेस्प्युल्स (औषधाच्या छोट्या कुप्या) एवढं झालं आहे. जावई म्हणतात, काही आणू नका, कस्टमला अडकाल. त्यावरून मुलगी दोन दिवस धड बोलत नाही. आमच्या मेडिकलवाल्याने नऊ बाटल्या दिल्या आणि वर विचारलं, ‘काकू, दुकान टाकताय का?’ न्यावं की नाही, आणि नेलं तर काय? – एक आजी, नाशिक

ताई,

मेडिकलवाल्याचा प्रश्न तुम्हाला झोंबलेला दिसतो. तो खोचक नव्हता. तीस वर्षं मी पुण्यात मेडिकल चालवलं, म्हणून सांगते. एकच गिऱ्हाईक एका औषधाच्या नऊ बाटल्या मागायला लागलं की काउंटरच्या आतल्या माणसाला त्याच्या मागे उभी असलेली रांग दिसायला लागते.

उत्तर आधी देऊन टाकते. बावीस बाटल्या नेऊ नका. अमॉक्सिसिलिन आणि खोकल्याचं औषध तर एकही नको. जावयांचं बरोबर आहे, पण त्यांनी दिलेलं कारण अर्धंच आहे. आणि मुलगी चुकली असंही मी म्हणणार नाही. रात्री तीन वाजता अंग फणफणलेलं पोर मांडीवर असताना कस्टमचे नियम ऐकून कुणाचं समाधान होत नाही.

आधी तिकडे नेमकं काय चाललंय ते बघू, कारण फोटोत फक्त फडताळ दिसतं. २०२० आणि २०२१ मध्ये शाळा बंद, मास्क, माणसं घरात; त्यामुळे मुलांना दरवर्षी होणारे सर्दी-तापाचे आजार जवळजवळ थांबले. आरएसव्ही नावाचा विषाणू, जो एरवी बहुतेक पोरांना दोन वर्षांची व्हायच्या आत गाठतो, तो अनेकांना भेटलाच नाही. कंपन्यांनी त्या दोन थंड वर्षांकडे बघून मागणीचे अंदाज बांधले. यंदा सगळं उघडलं आणि आरएसव्ही, फ्लू आणि कोविड एकाच वेळी दारात आले. ओंटारिओत, म्हणजे मुलगी राहते त्या प्रांतात, मुलांच्या रुग्णालयांत खाटा पुरेनाशा झाल्या, टोरोंटोच्या ‘सिककिड्स’ या मुलांच्या रुग्णालयाने शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या. औषधाची टंचाई त्याही आधीची आहे. ऑगस्टमध्येच त्या रुग्णालयाने पालकांना कळवलं होतं की दुकानात सुट्या विकायच्या लहान बाटल्या मिळत नाहीत; फार्मसीकडे मोठ्या बाटल्या आहेत, त्यातून काढून द्यायचं तर डॉक्टरांची चिठ्ठी लागू शकते. ते पत्र सोशल मीडियावर फिरलं. ‘चिठ्ठी आणा, देतो’ हा त्यातला निरोप किती जणांपर्यंत पोचला कोण जाणे, ‘औषध संपलं’ हा मात्र सगळ्यांपर्यंत पोचला.

आमच्या धंद्यात एक शब्द आहे, ‘शॉर्ट’. ‘मॅडम, शॉर्ट आहे, स्टॉकिस्टकडेच माल नाही.’ तीस वर्षांत हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आणि ऐकवलं की त्याचा खरा अर्थ मला पाठ झालाय. शॉर्ट म्हणजे ते औषध पृथ्वीवरून नाहीसं झालं असं नव्हे. एका विशिष्ट रूपात, एका विशिष्ट बाटलीत, एका विशिष्ट ठिकाणी ते आज नाही. मुलीकडे मुलांचं पातळ औषध शॉर्ट आहे, पॅरासिटामॉल शॉर्ट नाही. (तिकडे त्याला असिटामिनोफेन म्हणतात आणि टायलेनॉल या नावाने मागतात. औषध एकच.) त्याच दुकानात त्याच्या चघळायच्या गोळ्या असू शकतात, गुदद्वारातून द्यायच्या वड्या असू शकतात, मोठ्यांच्या गोळ्या तर असतातच. चार वर्षांच्या मुलाला मोठ्यांच्या गोळीचा किती भाग कसा द्यायचा, हे तिथला फार्मसिस्ट वजन विचारून काढून देतो. फक्त त्याला विचारावं लागतं. आपल्या पोरी तिकडे जाऊनही इथल्यासारख्याच दुकानात शिरतात, फडताळ बघतात आणि बाहेर पडतात. तिकडची बरीचशी बाटली हल्ली काउंटरच्या मागे ठेवलेली असते, मागितल्याशिवाय दिसत नाही. मुलीला आजच सांगा, फडताळाचा फोटो काढू नकोस, आतल्या माणसाशी बोल, दोन्ही मुलांचं वजन सांग. आणि तिथल्या सरकारनेही १८ नोव्हेंबरला जाहीर केलंय की बाहेरून दहा लाखांवर बाटल्या आणतोय. एरवी इंग्रजी-फ्रेंच दोन्ही भाषांतलं लेबल नसलं की तिथे माल विकता येत नाही, ती अटही तेवढ्यापुरती सैल केली. तुमचं विमान उतरेल तोवर त्यातल्या काही पोचलेल्या असतील.

आता माझं खरं भय सांगते. कस्टम नव्हे, मिलिग्रॅम.

तुमच्या नऊ बाटल्या काढा आणि चष्मा लावून लेबल वाचा. आपल्याकडे एकाच नावाच्या तापाच्या सिरपमध्ये कधी ५ मिलीत १२० मिलिग्रॅम औषध असतं, कधी २४० किंवा २५०. ड्रॉप्स असतील तर एका मिलीतच १००. कॅनडात मुलांच्या सिरपमध्ये ५ मिलीत १६० असतं आणि तान्ह्यांच्या ड्रॉप्समध्ये एका मिलीत ८०. मुलाला द्यायचा डोस ठरतो वजनावर : किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत निदान चार ते सहा तास, चोवीस तासांत चारपेक्षा जास्त वेळा नाही. समजा नातू १६ किलोचा आहे. त्याला जास्तीत जास्त २४० मिलिग्रॅम. तिकडच्या सिरपचे ते साडेसात मिली होतात, तुमच्या २४०च्या बाटलीचे पाच, १२०च्या बाटलीचे दहा. नात ८ किलोची धरली तर १२० मिलिग्रॅम; तिकडच्या सिरपचे पावणेचार मिली, पण तिकडच्याच ड्रॉप्सचे फक्त दीड. मुलीला सवय पावणेचार मिलीची. अर्धवट झोपेत तिने ड्रॉप्सची बाटली उचलून पावणेचार मिली दिलं, तर पोरीच्या पोटात ३०० मिलिग्रॅम जाईल, अडीचपट. पॅरासिटामॉल मापात असलं तर अत्यंत गुणी औषध आहे. मापाबाहेर गेलं तर थेट यकृतावर जातं, आणि पहिला दिवसभर मूल वरवर बरंच दिसतं, म्हणून कळतही नाही.

आता एका घरात दोन देशांच्या चार प्रकारच्या बाटल्या, औषध देणारी माणसं तीन, त्यात एक नुकतीच विमानातून उतरलेली आणि झोपेचं घड्याळ उलटं झालेली. त्यातून आपल्याकडच्या काही ‘प्लस’ नावाच्या सिरपमध्ये आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल एकत्र असतं. ते दिलं आणि तासाने कुणी तिकडचं टायलेनॉल दिलं, की झाला दुहेरी डोस. मेफेनॅमिक अ‍ॅसिड आणि निमेसुलाइड या तापाच्याच दुसऱ्या औषधांचं तर नावही घेऊ नका. निमेसुलाइड बारा वर्षांखालच्या मुलांसाठी आपल्याच सरकारने २०११ मध्ये बंद केलंय, तरी जुन्या चिठ्ठ्यांच्या जोरावर आया ते मागायच्या. आणि घरात कितीही ताप असला तरी पोरांना अ‍ॅस्पिरिन नाही.

तुम्ही ज्याला ‘एकशे दोन’ म्हणाल त्याला मुलगी ‘एकोणचाळीस’ म्हणेल, हेही लक्षात असू द्या. तिकडचा थर्मामीटर सेल्सिअसचा. ३८ म्हणजे आपले १००.४. आकड्यांवरून सासू-सुनेची भांडणं झालेली पाहिली आहेत, मायलेकींचीही होऊ शकतात.

अमॉक्सिसिलिन. यादीतली ही ओळ मी लाल शाईने खोडली असती. आरएसव्ही, फ्लू, कोविड तिन्ही विषाणू. अमॉक्सिसिलिन जिवाणूंवर चालतं. कान फुटला, न्यूमोनिया जिवाणूचा आहे असं डॉक्टरांना वाटलं, तर. अमेरिकेत तर २८ ऑक्टोबरला त्याची मुलांची पावडर अधिकृत तुटवड्याच्या यादीत गेली. सत्तरच्या दशकापासूनचं हे स्वस्त औषध संपावं कसं, असं तुम्हाला वाटेल. स्वस्त आहे म्हणूनच. नफा इतका कमी की जादा साठा करून ठेवायला कुणी तयार नसतं. शिवाय पेनिसिलिनच्या घराण्यातली औषधं वेगळ्या बंदिस्त विभागात बनवावी लागतात, कारण त्याची धूळ दुसऱ्या औषधात गेली तर अ‍ॅलर्जीवाल्याच्या जिवावर बेतेल. त्यामुळे मागणी वाढली म्हणून शेजारचं मशीन त्याला जुंपता येत नाही. पण इथेही शॉर्ट आहे ती पावडर. गरज पडलीच तर तिकडचे डॉक्टर दुसरं अँटिबायोटिक लिहून देतात किंवा कॅप्सूल उघडून कशात कालवायची ते सांगतात. तुमच्या पिशवीतली ड्राय सिरपची बाटली म्हणजे ‘घरात आहेच, देऊन टाकू’ असा मोह. पाणी घातल्यावर ती आठवड्याभरातच टाकायची असते, आणि आपल्या घरांत ती फ्रीजच्या दारात पुढच्या सर्दीपर्यंत उभी असते. मी पाहिलंय. माझ्याही घरात असायची.

खोकल्याचं सिरप : कॅनडात सहा वर्षांखालच्या मुलांना ते देऊ नये असंच बाटलीवर लिहिलेलं असतं. मोठ्यांच्या एखाद्या सिरपमध्ये कोडिन (अफूच्या जातीचं औषध) निघालं तर जावयांना वाटतंय त्याहून भारी प्रकरण होईल. आणि गेल्या महिन्यात पश्चिम आफ्रिकेतल्या गांबियाची बातमी तुम्ही वाचली असेल. हरियाणात तयार झालेल्या सिरपांमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन सापडलं, ६६ मुलांच्या मृत्यूंशी त्याचा संबंध जोडला गेला आणि जागतिक आरोग्य संघटनेला जगभर इशारा द्यावा लागला. आपली सगळीच औषधं वाईट असं मी म्हणत नाही, आयुष्यभर तीच विकली. पण ज्या औषधाचा लहान पोराला उपयोगच नाही, त्यासाठी एवढासाही धोका कशाला? नेब्युलायझरच्या रेस्प्युल्सचंही तेच. आरएसव्हीने तान्ह्याच्या बारीक श्वासनळ्या सुजतात, त्यात दम्याचं औषध बहुधा काही करत नाही. ज्या मुलाला खरोखर दमा आहे, त्याचं औषध त्याचा डॉक्टर बघेल.

एक जुनी गोष्ट सांगते, माझ्याच चुकीची. मार्च २०२० मध्ये हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या मलेरियाच्या औषधाचं नाव कोविडवरचा इलाज म्हणून टीव्हीवर आलं. दोन दिवसांत माझ्याकडच्या सगळ्या स्ट्रिप्स गेल्या. शेवटच्या दहा एका ओळखीच्या गृहस्थांनी नेल्या, मलेरियाच्या जुन्या चिठ्ठीवर. मी दिल्या. माणूस सज्जन, उधारी कधी ठेवली नाही. तिसऱ्या दिवशी ल्युपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार) असलेली एक मुलगी आली, चार वर्षं दर महिन्याला माझ्याकडूनच तेच औषध नेणारी. तिच्यापुढे उभी राहून मी ‘शॉर्ट आहे’ म्हणाले. मग बाराएक दुकानांना फोन केले, हडपसरहून एक स्ट्रिप मिळाली, दहा दिवसांची सोय झाली. त्या गृहस्थांच्या दहा स्ट्रिप्स कपाटातच पडून राहिल्या. वर्षाने परत घेता का म्हणून विचारायला आले, एक्सपायरी जवळ आली होती. पुढच्या एप्रिलमध्ये रेमडेसिव्हिरसाठी दुकानांपुढे लागलेल्या रांगा तुम्हीही पाहिल्यात, नाशकात काही कमी नव्हत्या. २००९ला स्वाइन फ्लूमध्ये पुण्यात टॅमिफ्लू सरकारने आपल्या हातात ठेवलं, दुकानात येऊ दिलं नाही, तेव्हा मी चिडले होते. आता वाटतं, बरंच केलं. मी असते तर ओळखीच्यांना दिलं असतं.

म्हणून मैत्रिणींच्या यादीबद्दल मला सहानुभूती आहे, पण ती यादी न्यायची नाही. कॅनडात प्रवासी स्वतःच्या वापराचं औषध आणू शकतो : एका उपचाराचं किंवा नव्वद दिवसांचं, दोन्हींत जे कमी असेल तेवढं, आणि मूळ पाकिटात. दहा घरांच्या पोरांसाठी आणलेल्या बाटल्या त्यात बसत नाहीत, आणि विचारलं तर तुम्हाला खोटं बोलावं लागेल. सदुसष्टाव्या की अडुसष्टाव्या वर्षी परदेशातल्या काउंटरवर ते कशाला शिकायचं? (वय तुम्ही लिहिलं नाही, मीच ठरवलं. क्षमा.) ग्रुपवर मुलीने एवढंच लिहावं : ‘आई आणत नाहीये. पण कुणाच्या घरी आज रात्री औषध नसेल तर फोन करा, माझ्याकडे असलेलं न उघडलेलं देते.’ एका गल्लीत दहा घरांनी तीन-तीन बाटल्या दडवण्यापेक्षा हे जास्त दिवस पुरतं.

मग तुम्ही न्यायचं काय? पहिली तुमची स्वतःची औषधं. बीपी, थायरॉइड, जे चालू असेल ते तीन महिन्यांचं, मूळ स्ट्रिप्समध्ये, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. आणि चिठ्ठीवर ब्रँडबरोबर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या, आपली ब्रँडची नावं तिकडे कुणाला कळत नाहीत. सगळं हातातल्या पिशवीत. फ्लूची लस घेतली नसेल तर उद्याच घ्या, तिला काम करायला दोनेक आठवडे लागतात, म्हणजे आत्ताच उशीर झालाय. कोविडचा तिसरा डोस राहिला असेल तर डॉक्टरांना त्याचंही विचारा. उतरल्यावर घसा खवखवला तर पहिले काही दिवस नातीला जवळ घ्यायचं नाही, घेतलंच तर मास्क लावून. हे सगळ्यात अवघड आहे, मला माहीत आहे.

सुई नसलेल्या पाच मिलीच्या दोन सिरिंज घ्या, पाच-दहा रुपयांच्या. चहाच्या चमच्याने औषध मोजणं घरातून बंद. साध्या सलाईनचे नाकात घालायचे थेंब न्या, त्याने नऊ महिन्यांच्या बाळाचं नाक मोकळं होतं आणि नाक मोकळं झालं की ते दूध पितं. अर्ध्या सर्दीचा इलाज तिथेच होतो. एक मोठा कागद आणि जाड पेन तिकडे मिळेल, फ्रीजवर लावा. वेळ, औषध, किती मिलिग्रॅम, कुणी दिलं. मिली नव्हे, मिलिग्रॅम.

आणि आता आजीबाईच्या बटव्याबद्दल, कारण तुम्ही लिहिलं नसलं तरी तो बॅगेत असणारच. नातीला मध नाही. चाटणात नाही, सुंठीत नाही, बोटाला लावूनही नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून बोटुलिझम, म्हणजे जिवाणूच्या विषाने होणारा गंभीर आजार, होऊ शकतो. नातवाला मात्र झोपताना चमचाभर मध खुशाल द्या, खोकल्याच्या सिरपपेक्षा बरा. ओव्याची-वेखंडाची धुरी नको. सुजलेल्या श्वासनळ्यांना धूर म्हणजे शिक्षा, शिवाय त्या घरांत छताला अलार्म असतात आणि ते कोकलायला लागले की अग्निशमनवाले दारात येतात. कापूर असलेला बाम दोन वर्षांखाली नाही. हळद-दूध नातवाने प्यायलं तर प्यायलं.

ताप आला म्हणून प्रत्येक वेळी औषध द्यायलाच हवं असंही नाही. अंग गरम आहे पण पोरगं खेळतंय, पितंय, तर ताप त्याचं काम करतोय. औषध तापासाठी नसतं, पोराला बरं वाटावं म्हणून असतं. बाटली एकच असेल तर ती रात्रीसाठी राखायला हे कळणं पुरतं. पण श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जातायत, पोट उडतंय, नाकपुड्या फुलतायत, ओठ निळसर झालेत, निम्म्याहून कमी दूध जातंय, सात-आठ तासांत लंगोट ओला नाही, मूल हलवूनही नीट जागं होत नाही, यातलं काही दिसलं तर औषधाच्या बाटलीचा विचारच करायचा नाही, रुग्णालय गाठायचं. ओठ निळे किंवा मूल जागं होत नसेल तर ९११, तिकडचा आणीबाणीचा नंबर. मधल्या शंकेसाठी ओंटारिओत ८११ हा नंबर आहे, दिवसरात्र कधीही फोन केला की नर्स बोलते. मुलीच्या फ्रीजवर तोही लिहा. तिथे दोन रात्री तुम्ही पोरं बघितलीत आणि मुलगी सलग सहा तास झोपली, तर यादीतली निम्मी औषधं तिची तिलाच नको वाटतील.

राहिल्या त्या नऊ बाटल्या. सील फोडलं नसेल आणि बिल असेल तर उद्या सकाळी मेडिकलवाल्याकडे न्या. तो परत घेईल, मी घ्यायचे. डिसेंबर लागतोय, नाशकातही थंडी पडायला लागली आहे, त्याच्याकडे आठवडाभरात खपतील.